घरचाच ताफा: आयर्लंडचा आणि आपला

कळंब-वालचंदनगर भागात हलगीची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. कुस्त्यांचं मैदान असो की गावची जत्रा, ताफा आधी हजर. त्यात चुलते, पुतणे, भाऊ, पोरगा असे एकाच घरातले वाजवणारे कित्येकदा दिसतात. असाच प्रकार पार आयर्लंडातही आहे, आणि तिथे त्याचं जगभर नाव झालं.

सेल्टिक संगीत कुठलं?

आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत आणि तिथून कॅनडाला गेलेल्या लोकांचं. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, हार्प, पिशवीचा पाईप ही मुख्य वाद्यं. नाचाच्या चाली बहुतेक दोन भागांच्या. प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा, सगळी चाल दोन-तीनदा फिरवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. कागद समोर नसतो. कान तयार हवा, तो घरात तयार होतो.

क्लॅनाड

डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोरमध्ये १९७० साली तीन भावंडं आणि त्यांचे दोन जुळे मामा एकत्र आले आणि क्लॅनाड हा बँड उभा राहिला. मोया, किअरन, पोल हे ब्रेनन. नोएल आणि पॅड्रिग हे डुगन. वडील लिओ स्वतः बँडवाले. त्यांचा गावात पब होता, आई संगीत शिकवायची. म्हणजे तालमीची जागा, श्रोते आणि मास्तर सगळं घरचंच. पुढे धाकटी बहीण एन्या दोनेक वर्षं सोबत गायली आणि मग एकटीच निघून जगप्रसिद्ध झाली. घरच्या फडातून एखाद्यानं वेगळी चूल मांडणं तिकडेही चुकलेलं नाही.

बौरान आणि हलगी

आयरिश बौरान म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. आपली हलगीही कडं आणि कातडंच. दोन्ही एका हातानं धरायची आणि काठीनं वाजवायची. पण बौरानवाल्याचा डावा हात आतून कातड्यावर दाबत फिरतो आणि आवाज खाली-वर होतो. हलगीवाल्याच्या डाव्या हातात मात्र हलगीबरोबर बारीक काडीही असते; ती तडतडते, उजव्या हातातलं टिपरू ठोका टाकतं. कातडं सैल पडलं की आपला वादक कागद किंवा पाचट पेटवून हलगी शेकतो. बौरान फार ताणला तर त्यावर पाण्याचा हात फिरवतात. तो वाजतो पबच्या खोलीत, ही उघड्या मैदानात; तिला खणखणावंच लागतं.

पिशवीच्या पाईपमध्ये एक सूर सतत धरलेला असतो. आपल्याकडेही एक सनई गाते, दुसरी नुसता सूर धरते. ते काम बहुधा घरातल्या धाकट्याकडे. कंटाळवाणं खरं, पण दम तिथेच वाढतो.

नारायणगावकरांचा फड

घरच्या ताफ्याचं पुणे जिल्ह्यातलं ठळक उदाहरण नारायणगावचं. भाऊ आणि बापू मांग या भावांचा तमाशा गाजला, भाऊंची लेक विठाबाई (१९३५–२००२) त्यातूनच पुढे आली आणि राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. तिची मुलगी मंगला बनसोडे हिनं स्वतःचा फड उभा केला, त्यात मुलगा नितीनकुमार. आज राज्य सरकार तमाशातल्या जीवनगौरवाचा पुरस्कार विठाबाईच्या नावानं देतं.

फरक कुठे?

कलेत नाही, मानात आहे. ब्रेनन मंडळींनी वाजवायचं ठरवलं म्हणून वाजवलं. आपल्याकडे हलगी बहुतांशी मातंग घरांकडे जातीनं आली, वाजवणाऱ्याला बलुत्याचं धान्य मिळायचं आणि मांडवाबाहेरची जागा. म्हणून शिकलेल्या पोरांनी ती खाली ठेवली तर त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. सुपारीचे पैसे घरातच राहतात हा घरच्या ताफ्याचा मोठा आधार. पण पावसाळ्यात सुपारी नसते, आणि तो तोटाही घरातच राहतो.

ऐकायचं तर

क्लॅनाडचं १९८२ चं गाजलेलं ‘हॅरीज गेम’ आधी लावू नका. त्यात सिंथेसायझर फार. १९७६ चा ‘डूलामान’ हा अल्बम लावा. आणि हलगी मोबाईलवर ऐकू नका. तिचा निम्मा आवाज तिथे मरतो. जवळच्या कुस्तीच्या मैदानात जा, आखाड्याच्या कडेला उभे राहा आणि डाव रंगात आला की वादकाच्या डाव्या हाताकडे बघा.