उन्हं चढायच्या आत

पहाटे ४.४५
मे महिन्यात नागपुरात बास्केटबॉल खेळायचा तर पाचच्या आत उठावंच लागतं. आठ वाजले की सिमेंटचं कोर्ट तापू लागतं आणि बुटातूनही चटका जाणवतो. शिवाजीनगर घ्या की धरमपेठ, उन्हाळी शिबिरं पहाटेच भरतात ती यासाठी. डबल चहा घेऊन मी स्कूटर काढतो.

५.३०
चाळीसेक पोरं, चेंडू पंधरा. ले-अप शिकवायला आमची एक जुनी मुलगी येते. विद्यापीठाच्या संघाची कप्तान होती, यंदा बी.पी.एड. झाली. पोरं रांगेत उभी करेपर्यंत मेलबर्नहून मित्राचा फोन. त्याच्याकडे दहा वाजलेले, थंडी सुरू झालेली.

"काय भाऊ, पोरीला विचारलं का?"

आम्ही दोघं नव्वदच्या दशकात नागपूर विद्यापीठाकडून खेळलो. तो कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी तिकडे गेला आणि आता दर आठवड्याला लाकडी फ्लोअरवर, चाळिशी उलटलेल्यांच्या लीगमध्ये खेळतो. परदेशात खेळ चालू ठेवलेला आमच्या संघातला हा एकटाच, आणि तोही स्वतःच्या खिशातून फी भरून! तिथल्या एका छोट्या क्लबच्या कोचला त्याने पोरीचा व्हिडिओ दाखवलाय. एक हंगाम येऊन खेळ म्हणतात. राहायची सोय क्लबची, पैसे जेमतेम, विमानभाडं आपलं.

७.४५
शिबिर सुटलं. कोपऱ्यावर तर्री-पोहे. तर्रीने नाक पुसत ती विचारते, "सर, रेल्वेचा फॉर्म निघालाय. आता मी काय करू, तुम्हीच सांगा न."

मी उत्तर टाळतो. म्हणतो, आधी पोहे खा.

१०.१५
ऑफिस. मीही खेळाडू कोट्यातलाच. राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, बँका, ओएनजीसी हेही आपले खेळाडू उचलतात. कॉलेज संपल्यावर आपल्याकडे बास्केटबॉलची कारकीर्द म्हणजे हेच: टेबल, हजेरी आणि वर्षातून काही आठवडे खात्याच्या संघाकडून सामने. कमी लेखू नका, या टेबलावर माझं घर उभं राहिलं. पण हेच टेबल पाय धरूनही ठेवतं. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका आखाती शहरातल्या क्लबने तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. ना-हरकत प्रमाणपत्र हाती पडलं तेव्हा त्यांचा हंगाम आटोपला होता. ते प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. बायको म्हणते, फ्रेम करा.

१.३०
बाहेर ४५ अंश. डबा उघडून रेल्वेची जाहिरात वाचतो. चाचणीला ४० गुण, खेळातल्या कामगिरीला ५०, शिक्षणाला १०. चाचणीत २५ च्या खाली गेलात तर खेळ खलास. ती बसेल यात, शंका नाही.

परदेशाचा हिशेब मात्र असा मांडता येत नाही. जे गेले ते बोटांवर मोजावेत. २०१७ मध्ये वाराणसीचा विशेष भृगुवंशी ॲडलेड थर्टी सिक्सर्सकडे आणि पंजाबचा अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडे गेला. सतनाम सिंगला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलं, पण तो पोरवयातच फ्लोरिडाच्या अकादमीत गेलेला. आपल्या कॉलेजच्या वाटेने नाही. अमेरिकेत कॉलेजात खेळलेल्या ज्यांना एनबीए मिळत नाही, ते युरोपात, तुर्कस्तानात, फिलिपिन्समध्ये खेळून पोट भरतात. त्यांच्यामागे एजंट असतो. आमच्या पोरीमागे मी आणि तो फी भरणारा.

यातली एक गोष्ट मला धरून ठेवावीशी वाटते. केरळची गीतू ॲना जोस चंगनाशेरीच्या असम्प्शन कॉलेजात घडली, दक्षिण रेल्वेकडून खेळली आणि २००६ ते २००८ मेलबर्नच्या रिंगवूड हॉक्सकडूनही खेळली. २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या संघांकडे चाचण्या देऊन आली. म्हणजे रेल्वे आणि परदेश हे दोन दरवाजे एकमेकांना लागूनही असू शकतात. तिची उंची सहा फुटांच्या वर होती, हे खरं. आमची पाच-आठ.

५.४५
संध्याकाळची बॅच. वारा नाही, पण सावली पडलीय. ती तीन-गुणांच्या रेषेबाहेरून एकटीच मारून राहिली आहे. ६.७५ मीटर, इथेही आणि मेलबर्नलाही. बास्केटच्या कड्याची उंचीही तीच, ३.०५ मीटर. बदलतं ते पायाखालचं. सिमेंटवर गुडघे झिजतात आणि पोरी बावीस-तेवीसला सोडतात. याला आळस म्हणणाऱ्या आईबापांनी एकदा स्वतः सिमेंटवर तासभर उड्या मारून पाहाव्यात.

"फॉर्म भर," मी सांगतो. "निकाल लागेस्तोवर वेळ जातो. तेवढ्यात तिकडचा एक हंगाम होतो. ट्रायलची तारीख मध्ये आलीच, तर बघू."

"आणि नोकरी लागल्यावर बोलावलं तर?"

"तर ना-हरकत मागायला मी येतो तुझ्यासोबत. मला त्यातला अनुभव आहे."

ती हसते. परदेशी क्लबकडून खेळायचं तर आपल्या महासंघाचं क्लिअरन्स पत्रही लागतं, हे मी तिला उद्या सांगेन.

९.१५
मित्राला मेसेज टाकला. तिकडे पावणेदोन वाजलेत, सकाळी वाचेल. रेल्वेच्या अर्जाची मुदत परवा संपते. पासपोर्ट तिने अजून काढलेला नाही.