बघा, पण बदलू नका!

   गिडो व्हान रॉसम यांनी 1989 च्या नाताळच्या सुट्टीत पायथन ही प्रोग्रामिंग भाषा लिहायला घेतली. तेव्हा ते अ‍ॅमस्टरडॅमच्या 'सीडब्ल्यूआय' संस्थेत होते.

तिथून जवळच्याच स्खिपोल विमानतळावरचं एखादं विमान घ्या. त्याचं इंधन सारखं बदलतं, पण कारखान्यानं दिलेला सिरियल नंबर जन्मभर तोच. 'विमान' क्लासमध्ये तो वाचता यावा, बदलता येऊ नये, यासाठीच रीड-ओन्ली प्रॉपर्टी. पायथनमध्ये ही सोय डिसेंबर 2001 च्या 2.2 आवृत्तीत आली. किंमत वाचून देणारा गेटर लिहा, ती बदलणारा सेटर लिहूच नका, झालं! बाहेरून नवा नंबर घालायला गेलात की 'अ‍ॅट्रिब्यूट एरर'. खरा नंबर मात्र आत अंडरस्कोरनं सुरू होणाऱ्या नावाखाली असतो आणि तिथं हात घालणाऱ्याला पायथन अडवत नाही. 'हे आतलं आहे, लांब राहा' एवढाच त्या अंडरस्कोरचा अर्थ. हा विश्वासाचा व्यवहार मला फार आवडतो, पण मोठ्या टीममध्ये तो टिकवायला कोड रिव्ह्यू हवाच.

अशा सोयीसाठी पीएचपी भाषावाले 2021 पर्यंत थांबले. तिच्या 8.1 आवृत्तीतली रीडओन्ली प्रॉपर्टी एकदाच भरता येते. दुसऱ्यांदा क्लासच्या आतूनही नाही.

टाइपस्क्रिप्टचं 'रीडओन्ली' (2016) फक्त कंपाइल होईपर्यंत राखण करतं. तयार झालेल्या जावास्क्रिप्टमध्ये त्याचा मागमूसही उरत नाही!

बर्ट्रांड मायर यांच्या 1980 च्या दशकातल्या आयफेल भाषेनं तर मुळातच हा नियम केला: बाहेरच्यांनी फक्त वाचायचं, बदल हवा असेल तर क्लासच्याच रूटीनला सांगायचं. सगळ्यांत शहाणा नियम हाच, असं माझं ठाम मत आहे.

खरी गंमत जावाच्या 'फायनल'मध्ये. प्रवाशांची लिस्ट फायनल केली की तिच्या जागी दुसरी लिस्ट ठेवता येत नाही, पण त्याच लिस्टमध्ये प्रवासी बेधडक चढवता-उतरवता येतात! यावर जावा 10 पासून (2018) 'लिस्ट डॉट कॉपीऑफ' हा उपाय आहे. त्या प्रतीत नवं नाव घुसवायला गेलात की प्रोग्राम तिथंच अडतो. मात्र लिस्टमधला प्रवासी हाही एक ऑब्जेक्टच. त्याच्या क्लासमध्ये सेटर असेल, तर त्याचं शाकाहारी जेवण कुणीही बदलू शकतं!