लाच मागितली? पैसे देण्याआधी हे वाचा. दिले असतील तर हातात फक्त सात दिवस

समजा, औंधमधल्या एका शेतकऱ्याला मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे. शेवटची तारीख जवळ आली आहे आणि ‘वरचे’ दोन हजार मागितले जातात. तक्रार केली तर दाखला अडकेल, ही भीती असते. त्यामुळे बरेच जण इथेच खिशात हात घालतात. पण लाचखोराला पकडून देणं आणि अडलेलं काम मिळवणं, यासाठी दोन वेगळे कायदे आहेत. दोन्हींचा वापर एकाच वेळी करता येतो.

तक्रार कुठे करायची?
लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे. टोल फ्री क्रमांक १०६४. विभागाचं कार्यालय साताऱ्यातही आहे. आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी होते, मग सापळा लावला जातो. सापळ्यातली रक्कम तक्रारदाराला परत देण्याची तरतूद आहे. लाच घेणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि दंड होऊ शकतो.

पैसे आधीच दिले असतील तर?
२०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे; सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र नाइलाजाने पैसे द्यावे लागले असतील आणि सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर देणाऱ्यावर गुन्हा लागत नाही. देण्याआधीच कळवून सापळ्यात पैसे दिले, तरीही संरक्षण आहे.

दाखल्याचं काय?
इथे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ उपयोगी पडतो. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून करा आणि पोचपावती जपून ठेवा. अधिसूचित सेवांची मुदत कार्यालयातल्या फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतर दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना सेवा नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

फाइल कुठे अडली?
माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, हे विचारा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. पुढच्या अपिलात हाच कागद कामाला येतो.

खटला टिकेल का?
लाचेची मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावं लागतं. मात्र तक्रारदार फितूर झाला किंवा मरण पावला, तरी इतर पुराव्यांवर शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये नीरज दत्ता प्रकरणात स्पष्ट केलं. खटला चालवण्यासाठी मंजुरी लागते. त्यावर तीन महिन्यांत निर्णय अपेक्षित आहे आणि एक महिना वाढवता येतो.

त्यामुळे पैसे मागितले की तारीख, वेळ, ठिकाण आणि नेमके शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. पोचपावती नसेल तर अपील अडतं आणि आठवा दिवस उजाडला तर संरक्षण जातं.