सोन्याला आवाज असतो का?



२६ सप्टेंबर १९८० चा दिवस. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावाजवळच्या जमिनीवरून केव्हिन हिलियर नावाचे गृहस्थ एक लांब दांड्याचे यंत्र हळूहळू फिरवीत चालले होते. दांड्याच्या खालच्या टोकाला ताटलीसारखे चपटे वेटोळे होते. एका जागी यंत्राचा आवाज बदलला. त्यांनी तेथे खोदले, तर सुमारे ३० सेंटीमीटर खोलीवर २७ किलोग्रॅमहून अधिक वजनाचा सुवर्णखंड उभा रुतलेला सापडला! 'हँड ऑफ फेथ' या नावाने तो पुढे जगप्रसिद्ध झाला.

ही हकीकत वर्गात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ते सोनेच आहे हे यंत्राला कसे कळले?" माझे उत्तर ऐकून मुले जरा हिरमुसतात. कारण यंत्राला ते कळलेच नव्हते! सोन्याला स्वतःचा असा आवाज नसतो. मग यंत्र ऐकवते ते काय? आणि त्यावरून सोनेशोधक अंदाज कसा बांधतात? तेच आज पाहू.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. एक जोरदार चुंबक घ्या. तो लाकडी फळीवरून घसरू द्या. भरकन खाली येईल. आता तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा तितकाच तिरपा धरून त्यावरून तोच चुंबक सोडा. तो रेंगाळत, जणू मधातून वाट काढीत खाली येतो. गंमत अशी, की तांबे किंवा ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. मग त्याला अडवतो कोण?

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले, की संवाहकाजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की त्या संवाहकात विद्युत प्रवाह निर्माण होतो. पत्र्यात हे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गरगर फिरतात, म्हणून त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि ते चुंबकाच्या हालचालीला विरोध करते.

धातुशोधक यंत्र हेच करते. त्याच्या वेटोळ्यातून विजेचा एक स्पंद जातो आणि एकदम तोडला जातो. सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा हे घडते. प्रत्येक वेळी जमिनीतल्या धातूत आवर्त प्रवाह उठतात आणि विरून जातात. विरता विरता त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र वेटोळ्यात अल्पसा विद्युत दाब निर्माण करते. यंत्र तो मोजते आणि आवाजात रूपांतरित करून आपल्या कानावर घालते.

म्हणजे यंत्र एकच प्रश्न विचारते : "आवर्त प्रवाह किती वेळात विरले?"

हा वेळ धातूच्या संवाहकतेवर आणि आकारावर अवलंबून असतो. शुद्ध सोन्याची २ मिलिमीटर व्यासाची गोळी घेतली, तर तिच्यातील प्रवाह सुमारे ५ मायक्रोसेकंदांत एक-तृतीयांशाच्या जवळपास येतो. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) २ सेंटीमीटर व्यासाच्या गोळीत त्याला सुमारे ५०० मायक्रोसेकंद लागतात. व्यास दहापट, तर वेळ शंभरपट!

निसर्गातील सोने मात्र शुद्ध नसते. त्यात बहुधा चांदी असते. तुम्ही म्हणाल, चांदी तर सोन्याहून चांगली संवाहक, तेव्हा संवाहकता वाढणार. उलट ती घटते! वेगळ्या जातीचे अणू मिसळल्याने इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे वाढतात. त्यामुळे खाणीतल्या खड्यातील प्रवाह शुद्ध सोन्यातल्यापेक्षा लवकर विरतात. शिवाय खडा क्वचितच गोळीसारखा गोल असतो. तो पातळ, सच्छिद्र, वेडावाकडा असला तर आणखीच लवकर. शिशाचा छर्रा, ॲल्युमिनियमचा तुकडा आणि सोन्याचा खडा हे सारे यंत्राला एकसारखे भासू शकतात, ते यामुळेच.

आता जमिनीकडे वळू. व्हिक्टोरियातील सोन्याच्या भागातली माती बऱ्याच ठिकाणी लोहाच्या ऑक्साइडांनी तांबूस झालेली असते. आपल्या कोकणातला जांभा आठवा, म्हणजे रंगाची कल्पना येईल. अशी माती स्वतःच यंत्राला उत्तर देते. या गोंगाटातून खड्याचे उत्तर वेगळे कसे काढायचे?

यंत्राची युक्ती साध्या अंकगणिताने समजेल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. यंत्र दोनदा मोजणी करते असे समजा. एकदा स्पंद तुटल्यावर १० मायक्रोसेकंदांनी, दुसऱ्यांदा २० मायक्रोसेकंदांनी. लोहयुक्त मातीचे उत्तर काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. म्हणून ते पहिल्यांदा १०० आले, तर दुसऱ्यांदा ५० येईल. यंत्र दुसऱ्या मोजणीची दुप्पट करून ती पहिलीतून वजा करते. १०० वजा १००, म्हणजे शून्य. माती गप्प झाली!

त्याच यंत्राखाली लहान खडा आला. त्याचे आकडे १०० आणि २०. म्हणून १०० वजा ४०, बाकी अधिक ६०. मोठ्या खंडाचे आकडे १०० आणि ९०. म्हणून १०० वजा १८०, बाकी उणे ८०.

या अधिक-उण्याचा आवाजाशी संबंध असा. यंत्रातून एक मंद स्वर सतत चालू ठेवतात. गवयामागे तंबोरा वाजत असतो ना, तसाच. अनेक यंत्रांत बाकी अधिक आली की हा आधारस्वर आधी चढतो आणि मग उतरतो, उणे आली की आधी उतरतो आणि मग चढतो. म्हणून मुरलेला शोधक चढ-उतार ऐकून लहान वस्तूचा आणि उतार-चढ ऐकून मोठ्या वस्तूचा अंदाज बांधतो. तंबोरा बंद असेल तर गाणाऱ्याचा सूर किंचित हललेला चटकन कळत नाही. आधारस्वर फारच मंद ठेवणारा शोधकही असाच फसतो.

खोली ओळखण्याचीही रीत आहे. वरवर पडलेली लहान वस्तू आखूड आणि टोकदार आवाज देते. खोलवरची वस्तू लांबट, मऊ, कुजबुजल्यासारखा आवाज देते. खोली वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरीच जास्त असली, तर ती दुप्पट झाल्यावर उत्तर निम्मे होत नाही, सुमारे ६४ पटींनी क्षीण होते! कारण क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि येताना पुन्हा तसेच. म्हणून खोलवरचे मोठे घबाड आणि वरची क्षुल्लक टाचणी यांत टाचणीच मोठ्याने ओरडते.

मग पारख कशी करावी? अनुभवी माणसे तीन गोष्टी करतात. पहिली, त्याच जागेवरून वेटोळे उलट दिशेने आणि नंतर आडवे फिरवून पाहतात. खरी वस्तू त्याच जागी पुन्हा बोलते. (लांब खिळा मात्र एका दिशेने दोनदा बोलू शकतो, दोन्ही टोकांचा!) दुसरी, वेटोळे थोडे वर उचलतात. वरची बारीक वस्तू लगेच गप्प होते, खोलवरची मोठी वस्तू बोलत राहते. तिसरी आणि सर्वांत भरवशाची : चार-पाच सेंटीमीटर माती खरवडून पुन्हा ऐकतात. आवाज धारदार झाला तर खाली काहीतरी आहे. नाहीसा झाला तर बहुधा ती मातीच बोलत होती.

कित्येक यंत्रांत लोखंड वगळण्याची सोय असते. कळ फिरवली की खिळ्यांवर यंत्र गप्प बसते. सोय मोठी मोहाची आहे. पण तांबड्या मातीत, खोलवरच्या क्षीण उत्तरात, किंवा शेजारी खिळा असताना यंत्र सोन्यालाही लोखंड समजून गप्प बसू शकते.

आता वरच्या अंकगणिताकडे पुन्हा पाहा. एखाद्या खड्याचे आकडे नेमके १०० आणि ५० आले तर? १०० वजा १००, बाकी शून्य! पायाखाली सोने आणि यंत्र मुके. हा दोष टाळण्यासाठी यंत्रे बनवणाऱ्यांनी एकाच लांबीच्या स्पंदाऐवजी लहानमोठ्या लांबीचे स्पंद आणि निरनिराळ्या वेळांच्या मोजण्या वापरायला सुरुवात केली. एका मोजणीत लपलेला खडा दुसरीत सापडतो.

आवाजाचा अर्थ चुकला तर काय होते, याचे एक दुःखद उदाहरण सांगतो. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. त्या काळी क्ष-किरण ठाऊक नव्हते. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल धावून आले. त्यांनी वेटोळ्यांचे एक यंत्र बनवले आणि टेलिफोन कानाला लावून गोळीचा माग काढू लागले. आवाज आला, पण एका जागी नव्हे, तर भल्या मोठ्या भागावर! मागाहून कळले, की गादीखाली पोलादी तारांची जाळी होती. शिवाय डॉक्टरांनी शोध घ्यायला लावला तो उजव्या बाजूला आणि शवविच्छेदनात गोळी निघाली डाव्या बाजूला. १९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष जंतुसंसर्गाने दगावले. बेल यांचे यंत्र खोटे बोलले नव्हते. समोर धातू होताच. पण तो कोणता, हे त्या आवाजात नव्हते.

म्हणून व्हिक्टोरियातले जुने शोधक शंकास्पद आवाज आला की अंदाज बाजूला ठेवून सरळ खोदतात. गंजके खिळे निघतात, शिशाचे छर्रे निघतात. ते खिशात टाकतात, खड्डा बुजवतात आणि पुढे चालू लागतात.

तुम्हीही प्रयोगशाळेत काटा हलला किंवा नाही हलला, तर लगेच निष्कर्ष लिहू नका. हे उपकरण नेमका कोणता प्रश्न विचारते आहे, हे आधी स्वतःला विचारा. काटा स्थिर राहिला तरी विचारा. १०० वजा १०० चे शून्य तुम्ही आत्ताच पाहिले आहे.