रेशमाचा धागा : मागापासून जखमेपर्यंत

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात आम्ही कितीतरी मुले मागावरून उठून येत असू. पुढे जन्मभर मी मराठी शिकवली. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तरीही आज रेशमाविषयी लिहावेसे वाटते. खासबाग, वडगाव, शहापूर येथील विणकरांचे संसार ज्या धाग्यावर उभे राहिले, तोच धागा आज वैद्यकात नवे काम करू लागला आहे.

निसर्गातून घेतलेल्या वस्तूने जखम शिवणे ही कल्पना जुनीच. सुश्रुतसंहितेत टाक्यांसाठी तागाचे व क्षौमाचे सूत, प्राण्यांचे स्नायुतंतू, केस आणि अश्मंतकाची साल सांगितली आहे. अश्मंतक म्हणजे आपण दसऱ्याला ज्याची पाने वाटतो तो आपटा, असे सामान्यतः मानले जाते. पुढे शल्यविशारदांनी रेशीम स्वीकारले. कारण ते मऊ, बळकट आणि गाठ घट्ट धरणारे.

रेशमाच्या किड्याने काढलेल्या धाग्यात दोन प्रथिने असतात. आतला तंतू तो फायब्रॉइन. त्यावरचा चिकट लेप तो सेरिसिन. कच्च्या रेशमाच्या वजनात हा लेप सुमारे २५ ते ३० टक्के भरतो. तो तंतूवर तसाच राहिला, तर शरीरात दाह होण्याचा संभव असतो. म्हणून साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढून टाकतात. आमच्या घरी हे काम आई करीत असे. त्या पाण्याचा उग्र वास कपड्यांना येई आणि शाळेत मी लाजून मागच्या बाकावर बसे. प्रयोगशाळेतही पहिली पायरी तीच असते, हे मला उतारवयात कळले.

उरलेले फायब्रॉइन लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणात विरघळवतात, मग त्यातील क्षार काढून टाकतात. त्या द्रवापासून पातळ पापुद्रा, जेल किंवा स्पंजासारखा सच्छिद्र ठोकळा तयार करता येतो. हाडात पोकळी राहिली असता असा ठोकळा तेथे बसवतात. त्याच्या छिद्रांत पेशी वस्ती करतात, नवे हाड धरू लागते आणि फायब्रॉइन हळूहळू विरत जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर काम केले. त्यातूनच सेरिजेन ही कंपनी उभी राहिली.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मागावरचा धागा म्हणजे औषध नव्हे. शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण आणि कसून तपासणी झाल्यावाचून तो जखमेला लावणे धोक्याचे आहे.

रेशमाचा मोठा गुण मला वेगळाच वाटतो. शस्त्रक्रियेतील रेशमी टाक्याची बहुतेक ताकद सुमारे एका वर्षात जाते आणि दोन वर्षांनंतर तो सहसा सापडतही नाही. शरीर स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत आधार द्यायचा आणि मग निघून जायचे! चांगल्या शिक्षकाचे कामही याहून निराळे नसते.

आज खासबागेत यंत्रमागांची घरघर पूर्वीसारखी राहिलेली नाही. विणकराच्या मुलाने मागावरच बसावे, असा माझा आग्रह नाही. परंतु आईच्या हाताला येणारा तो वास लाजेचा नव्हता, ज्ञानाचा होता, एवढे त्याला वेळेवर कळावे. मला ते फार उशिरा कळले.