कपाट खोलणं म्हणजे मोडणं नव्हे

गेल्या वर्षी घर बदलताना आमचं तीन दारी कपाट दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकलं. चौघांनी ते तिरकं केलं, तेव्हा आतून ‘कर्रर्र’ असा आवाज आला. नव्या घरात उभं केल्यावर दारं एकमेकांवर घासत होती आणि तळाच्या फळीच्या भोकातून भुसा गळत होता. नुकसान टाळता आलं असतं. ते झालं पुढच्यासारख्या समजुतींमुळे, आणि त्या आजही घरोघरी ऐकू येतात.

गैरसमज १ : कपाट अख्खंच न्यावं, खोललं की ते बाद होतं.

वस्तुस्थिती : जोडांनी बांधलेलं हे फर्निचर जन्माला आलं तेच सुटं होऊन प्रवास करण्यासाठी. १९५०च्या दशकात आयकिया या फर्निचर कंपनीतले डिझायनर गिलिस लुंडग्रेन यांनी गाडीत मावावं म्हणून टेबलाचे पाय काढले, आणि सपाट खोक्यातून फर्निचर विकण्याची रीत तिथून रुजली.
अशी कपाटं बहुधा पार्टिकल बोर्डाची, म्हणजे लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीची असतात. सरळ उभ्या कपाटाचं वजन ती छान पेलते. कपाट तिरकं करून ओढलं, की सगळा भार कोपऱ्यातल्या चार-सहा जोडांवर येतो आणि भोकाभोवतीचा भुसा सुटतो. २३६ सेंमी उंच, ५८ सेंमी रुंद आणि १८ मिमी जाडीची एक बाजूची फळीच १६-१७ किलोची असते. अशा फळ्या एकेक करून नेणं माणसाच्या पाठीलाही बरं आणि कपाटालाही.

गैरसमज २ : एकदा खोललेलं कपाट पुन्हा घट्ट बसत नाही.

वस्तुस्थिती : सुतार ज्याला मिनीफिक्स म्हणतात, तो जोड जवळून पाहा. एका फळीत धातूचा खिळा असतो, दुसरीत १५ मिमी व्यासाची गोल चकती. चकती साधारण अर्धा फेरा फिरवली की ती खिळ्याचं डोकं पकडून आत ओढते. उलटी फिरवली की सोडते. हा जोड पुन्हा वापरता येतो.
बिघडतं ते घाईमुळे. चकती सैल करण्याआधीच फळी ओढली किंवा ड्रिल मशीनने स्क्रू गरगर फिरवले, तर भोकं मोठी होतात. म्हणून शेवटचे फेरे हातानेच द्या. जुन्या भोकात स्क्रू घालताना तो आधी थोडा उलटा फिरवा. ‘टक्’ असं जाणवलं की तो जुन्या आट्यांवर बसला, मग घट्ट करा. भोक सैल झालंच असेल तर फेव्हिकॉल लावलेल्या लाकडी काड्या त्यात ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग बारीक नवं भोक पाडा.

गैरसमज ३ : मागची पातळ पाटी फक्त धूळ अडवण्यासाठी असते.

वस्तुस्थिती : जेमतेम ३ मिमीची ती पाटीच कपाट गुण्यात ठेवते. ती नसली तर चौकोन डावी-उजवीकडे कलतो आणि दारं घासू लागतात. म्हणून दारं, खण आणि फळ्या उतरवल्यावर, सांगाडा खोलायच्या अगदी आधी पाटी काढा. जोडताना टेपने दोन्ही कर्ण मोजा. ते समान आले की पाटी ठोका, खिळे जुन्या भोकांच्या किंचित बाजूला.

गैरसमज ४ : फळ्या टेम्पोत एकावर एक आडव्या रचल्या की काम झालं.

वस्तुस्थिती : आडव्या फळीवर वर सामान पडलं की ती मधोमध वाकते. फळ्या कडेवर उभ्या ठेवा, मध्ये चादर किंवा पुठ्ठा घाला आणि सुतळीने बांधा. आरसाही उभाच न्या. ४ मिमी जाडीच्या आरशाचं वजन चौरस मीटरला १० किलो भरतं. त्याच्यावर चिकटपट्टीची फुली मारली म्हणून तो फुटायचा थांबत नाही, फुटला तर तुकडे मात्र एकत्र राहतात.
पावसाळ्यात तर ताडपत्रीवर विसंबू नका, प्रत्येक फळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. पार्टिकल बोर्डाची कड पाण्याने फुगली की वाळल्यावरही पूर्ववत होत नाही.

गैरसमज ५ : छत कपाटापेक्षा उंच आहे, म्हणजे ते मावेल.

वस्तुस्थिती : कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करताना त्याचा कर्ण फिरतो. आयकियाचं पॅक्स कपाट २३६ सेंमी उंच, भिंतीपासून पुढे ५८ सेंमी. त्याचा कर्ण २४३ सेंमी भरतो. फॉल्स सीलिंगमुळे छत ८ फुटांवर, म्हणजे २४४ सेंमीवर आलं असेल, तर उरतो जेमतेम एक सेंटिमीटर. वाटेत बीम किंवा पंखा आला की संपलं. सामान हलवण्याआधी छत, दाराची चौकट, लिफ्टची आतली उंची आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा.

गैरसमज ६ : एवढं जड कपाट पडणार कसं?

वस्तुस्थिती : दारं आणि खण एकदम उघडले की वजन पुढे येतं, त्यात मूल खणावर चढलं तर कपाट उलटू शकतं. लहान मुलांच्या मृत्यूंनंतर २०१६ साली आयकियाने अमेरिकेत २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत मागवली. नव्या घरात पहिल्याच दिवशी पाणसळ लावून कपाट सरळ करा आणि पट्टीने भिंतीला बांधा. काँक्रीट, वीट आणि हलके ब्लॉक यांना वेगवेगळे प्लग लागतात. भिंत कशाची आहे ते आधी विचारा, आणि भोक पाडण्यापूर्वी आतून वायर किंवा पाइप जात नाही ना, याची खात्री करा.

यंदा बहिणीचं घर बदललं. आम्ही आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढला, प्रत्येक दाराचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून त्यावर ‘डावं’, ‘मधलं’, ‘उजवं’ लिहिलं, आणि पिशव्या त्या-त्या दाराला चिकटवल्या. खोलायला दोन तास लागले, जोडायला एक दुपार. संध्याकाळी तिच्या सहा वर्षांच्या मुलाने एका बोटाने दार लोटलं आणि ते न घासता बंद झालं. भिंतीची पट्टी त्याआधीच लागली होती.