वाडीपर्यंत पोहोचणारी काडी

केंद्र सरकारच्या २०१६ च्या तपासणी आराखड्यात तिशीनंतरच्या तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचा समावेश झाला, मात्र मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग त्याबाहेर राहिला. डोंगरउतारावरील वाड्यांत विखुरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात ही उणीव अधिक बोचते. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतडे पाहणे, वाडीत नेता येत नाही. पण काडीवर घेतलेल्या शौचाच्या नमुन्यातील, डोळ्यांना न दिसणारे रक्त हुडकणारी चाचणी आशाताईंच्या पिशवीत सहज मावते. रक्त आढळल्यावर मात्र दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील २००९ च्या अभ्यासात एचपीव्ही विषाणूच्या एका चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, कारण चाचणीमागे उपचारही होते. आज मात्र शौचात रक्त दिसले तरी मूळव्याध समजून महिनोन्‌महिने घरगुती औषधांवर काढले जातात.